कच्चा खर्डा वाचणार कोण?

अमेरिकेतल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला एक कोर्स चुकत नाही, तो म्हणजे इंग्रजी कंपोझिशन. नर्सिंगला जायचे असो की इंजिनिअरिंगला, त्या सत्रात चार-पाच निबंध लिहिल्याशिवाय सुटका नाही. एक स्वतःच्या अनुभवावरचा, एक दुसऱ्या कुणाच्या लेखाची चिकित्सा करणारा, एक सार्वजनिक प्रश्नावर बाजू मांडणारा आणि शेवटी संदर्भ धुंडाळून लिहिलेला मोठा पेपर, असा साधारण क्रम. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून या निबंधांचे करायचे काय, यावर तिथे वाद पेटला आहे. एक गट म्हणतो, घरून लिहून आणायचे निबंध बंदच करा. मुलांना वर्गात बसवा, परीक्षेची निळी वही द्या आणि डोळ्यांदेखत लिहून घ्या. दुसऱ्या गटाचा भरवसा यंत्राचे लेखन ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. तिसरा गट म्हणतो, आता लिहिणे हे यंत्राचे काम, मुलांना यंत्राकडून ते करून घ्यायला शिकवा. या तिन्ही गटांचे चालले आहे ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे. निबंध कोणी लिहिला याचा शोध तिघेही घेताहेत. तो वाचतो कोण, हा प्रश्न तिघांनाही पडलेला नाही. माझे मत स्पष्ट आहे. घरी बसून लिहायचे निबंध राहिले पाहिजेत, त्यांच्या कच्च्या खर्ड्यांसकट राहिले पाहिजेत, आणि प्रत्येक खर्डा वाचून त्यावर त्या मुलाशी बोलेल असा एक माणूस समोर असला पाहिजे. त्यासाठी वर्ग लहान करावे लागतील. तो खर्च करायचा नसेल तर बाकीच्या उपायांवर घालवलेला वेळ वाया गेला असे समजा.

समोरच्यांची काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. एका सरकारी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेताना दोन वर्षे मी हाच कोर्स टीए, म्हणजे शिकता शिकता शिकवणारा सहायक, म्हणून शिकवला. ज्या पेपरात लिहिणाऱ्याचा पत्ताच नाही, असा पेपर हातात आला की कसे वाटते ते मला माहीत आहे. वाक्य व्याकरणशुद्ध, परिच्छेद टापटीप, आणि चार पाने वाचून झाल्यावर एकही गोष्ट लक्षात राहत नाही. त्यातही जी मुले रात्री नोकरी करून पहाटे स्वतः लिहितात, त्यांच्या शेजारी बसून कुणी दहा मिनिटांत पेपर काढून आणतो आणि वर चांगले गुण घेऊन जातो, तेव्हा होणारा अन्याय खरा आहे. त्यावर 'असू दे' म्हणणारा शिक्षक प्रामाणिक मुलांचा विश्वास गमावतो, आणि तो परत मिळत नाही.

पण हे संकट काल उगवले, असे जे गृहीत धरले जाते ते चुकीचे आहे. दुसऱ्याने लिहिलेला निबंध स्वतःच्या नावावर खपवणे या कोर्सइतकेच जुने आहे. कॉलेजांतल्या फ्रॅटर्निटी, म्हणजे मुलांच्या मंडळ्या, जुन्या निबंधांच्या फायली सांभाळून ठेवत आणि नव्या सभासदांना त्यांतून हवा तो निबंध मिळे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला टर्म पेपर लिहून विकणाऱ्या कंपन्या उघड जाहिराती करत होत्या. यंत्राने हा माल फुकट केला आणि सगळ्यांच्या हाती दिला, फरक एवढाच. फरक मोठा आहे, मान्य. पण फायलीतला निबंध ज्या फटीतून आत आला, त्याच फटीतून यंत्राचा निबंध आत येतो आहे. ती फट म्हणजे शिक्षकाची विद्यार्थ्याशी नसलेली ओळख. ज्या मुलाचा पहिला खर्डा मी पाहिला, ज्याचा अडलेला मुद्दा मला ठाऊक आहे, त्याच्या तिसऱ्या खर्ड्यात परके लेखन आले तर ते ओळखायला मला कुठले सॉफ्टवेअर लागेल?

सॉफ्टवेअरचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये असा शोधक काढला. यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के मजकूर त्याला खात्रीने ओळखता येत होता. जुलैमध्ये कंपनीने तो मागे घेतला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे सात शोधक तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या शोधकांना दिले. माणसांनी लिहिलेले हे निबंध शोधकांनी सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचे ठरवले. अमेरिकन आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र बहुतेक बरोबर ओळखले. कारण समजायला सोपे आहे. शोधक हा पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतो, आणि परकी भाषा जपून लिहिणारा माणूस ओळखीचे, खात्रीचे शब्द वापरतो. त्याच संशोधकांनी ते निबंध चॅटजीपीटीला देऊन त्यांतली शब्दसंपत्ती वाढवून घेतली, तेव्हा शोधक त्यांना माणसाचे म्हणू लागले. म्हणजे ज्याने खरोखर स्वतः लिहिले तो चोर, आणि ज्याने यंत्राकडून सजवून घेतले तो साव. मराठीतून शिकून तिकडे गेलेल्या आपल्या मुलांनी हे नीट समजून घ्यावे, कारण संशयाची ही काठी आधी त्यांच्याच पाठीत बसते. व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याकडचा शोधक बंद केला तो योग्यच केला.

निळ्या वहीवाल्यांचे म्हणणे यापेक्षा वजनदार आहे. वर्गात लिहून घेतले की सगळे समान पातळीवर येतात, संशय उरत नाही, निकाल झटपट लागतो. सत्रात एक-दोनदा तसे लिहून घ्यायला माझी काहीच हरकत नाही. मुलाची स्वतःची वाक्ये कशी असतात ते त्यातून कळते. पण सगळा कोर्सच त्या वहीत कोंबला तर आपण दीडशे वर्षे मागे जाऊ, कारण हा कोर्स जन्माला आला तोच मुळी तशा परीक्षेतून. १८७४ साली हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध लिहायला लावला. नेमून दिलेल्या साहित्यकृतींतल्या विषयावर छोटेसे लेखन, शुद्धलेखन आणि विरामचिन्हे तपासली जाणार. सुरुवातीच्या वर्षांत निम्म्याच्या आसपास मुले त्यात नापास होत. मग १८८५ मध्ये पहिल्या वर्षाला इंग्लिश ए हा कोर्स सक्तीचा झाला. १८९२ मध्ये हार्वर्डच्या समितीने पुन्हा तीच तक्रार लिहिली की मुलांना लिहिता येत नाही, आणि खापर शाळांवर फोडले. डिसेंबर १९७५ मध्ये न्यूजवीक या साप्ताहिकाने तोच प्रश्न मुखपृष्ठावर छापला. शंभर वर्षे एकच तक्रार होत असेल तर दोष मुलांच्या पिढीत असेल, की लेखन मोजायच्या पद्धतीत? पन्नास मिनिटांत मूल चुका किती करते ते कळते. ते विचार कसा करते हे कळायला त्याला आपले वाक्य दुसऱ्या दिवशी परक्यासारखे वाचता आले पाहिजे.

१९८० साली लेखनशिक्षणाच्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. वीस नवे विद्यार्थी आणि वीस अनुभवी लेखक यांच्याकडून प्रत्येकी तीन निबंध घेतले, प्रत्येक निबंध दोनदा पुन्हा लिहायला लावला आणि त्यांच्याशी बोलल्या. विद्यार्थ्यांच्या लेखी पुन्हा लिहिणे म्हणजे शब्द बदलणे: हा शब्द दोनदा आला, तो काढ, दुसरा घाल. अनुभवी लेखक मात्र आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे तेच दुसऱ्या खर्ड्यात शोधत होते. या कोर्सने मुलाला पहिल्या किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर न्यायचे असते. ते पन्नास मिनिटांच्या वहीत होणे शक्य नाही.

ते कसे होते हे मी जवळून पाहिले आहे. बाजू मांडायच्या निबंधासाठी एका मुलीने किमान वेतनाचा विषय घेतला होता. पहिला खर्डा शाळेत घोटून घेतलेल्या साच्यातला, बरोबर पाच परिच्छेद. 'आजच्या समाजात अनेक लोकांच्या मते वेतन हा महत्त्वाचा प्रश्न आहे' अशी सुरुवात. मी समासात लिहिले, 'हे अनेक लोक कोण?' ती भेटायला आली तेव्हा थोडी चिडलेलीच होती. पंधरा मिनिटांची भेट. बोलता बोलता कळले की ती आठवड्यातून चार रात्री गोदामात काम करते. मग ती म्हणाली, 'खरं सांगू का, पैशांचं मला तेवढं काही वाटत नाही. शुक्रवारी यायचंय की नाही ते गुरुवारी रात्री मेसेज करून कळवतात, त्याचा त्रास होतो.' मी म्हटले, 'मग हे तुझ्या निबंधात कुठे आहे?' ती गप्प बसली. दुसऱ्या खर्ड्यात ते तिसऱ्या पानावर आले, भीत भीत. तिसऱ्या खर्ड्यात पहिल्याच ओळीत. आणि त्या तिसऱ्या खर्ड्यात आणखी एक गोष्ट आली, जिची मी अपेक्षा केली नव्हती. तिने मध्ये सुपरवायझरला जाऊन विचारले होते. उद्या किती ट्रक येणार हे त्यालाच संध्याकाळी कळते, असे त्याने सांगितले. तिने ते प्रामाणिकपणे लिहिले. पुढच्या वाक्यात आधी 'म्हणून' लिहिले होते, ते पेनने खोडून वर 'तरीही' केले होते, आणि मग अनिश्चिततेचा सगळा भार सगळ्यात कमी पगार असलेल्यानेच का उचलायचा, असा सवाल टाकला होता. तिचा खरा निबंध त्या खोडलेल्या शब्दापासून सुरू झाला. यंत्राला सांगितले असते तर त्याने 'तरीही' कितीतरी वेळा घातले असते. पण ते सुपरवायझरला जाऊन विचारू शकले नसते, आणि विचारून आल्यावर त्या मुलीचे स्वतःचे मत जसे हलले, तसे हलायला त्याच्याकडे मत नव्हते.

आता तिसरा गट. कॅल्क्युलेटर आला तेव्हाही असाच आरडाओरडा झाला होता, पुढे नोकरीत सगळे यंत्रच वापरणार आहेत, मग मुलांना जुन्या श्रमात का अडकवता, असे ते म्हणतात. नोकरीबद्दलचे त्यांचे म्हणणे खरे आहे. अहवाल, ईमेल, बैठकीचे वृत्तांत यंत्र लिहील आणि लिहावे. पण कॅल्क्युलेटरची उपमा इथे लागू पडत नाही. गुणाकाराचे उत्तर आपल्याला हवे असते; ते कसे मिळाले याने उत्तर बदलत नाही. किमान वेतनावर अठरा वर्षांच्या मुलीने लिहिलेली चार पाने कुणाला हवी असतात? जगात त्यांना गिऱ्हाईक नाही. ती पाने लिहिताना तिच्या डोक्यात जे घडते तेवढेच हवे असते, आणि ते दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. रोज काहीतरी लिहीत जावे, हे आपल्याकडे समर्थांनी सांगितले तेव्हा त्यांना रोजच्या कागदाचा ढीग नको होता. शिवाय यंत्राने दिलेला मजकूर चांगला की वाईट, खरा की पोकळ, हे ठरवायचे कोणी? स्वतः कधी अडलेले वाक्य सोडवले नाही, त्याला दुसऱ्याच्या गुळगुळीत वाक्यातला पोकळपणा कुठून दिसणार?

या सगळ्यांना मी दिलेली उत्तरे पटली तरी एक आक्षेप उरतो, आणि तोच सगळ्यात कठीण आहे. हे परवडणार कसे? हिशोब मांडून पाहू. एकेका वर्गात २५ मुले आणि पाच वर्ग, म्हणजे १२५ मुले. दोन कॉलेजांत धावपळ करून कोर्सप्रमाणे पैसे घेणाऱ्या कंत्राटी शिक्षकाच्या वाट्याला इतकी मुले सहज येतात. एका खर्ड्याला २० मिनिटे दिली तर एका निबंधाच्या एका वाचनाला जवळपास ४२ तास लागतात. वर्ग घेणे, भेटी, तयारी वेगळे. दोन खर्डे वाचायचे तर दुप्पट. कोण करू शकेल? जानेवारी १९१२ मध्ये इंग्लिश जर्नल या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला, त्यात कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक एडविन हॉपकिन्स यांनी प्रश्न विचारला होता की सध्याच्या परिस्थितीत लेखन नीट शिकवता येईल का. लेखाचे पहिले वाक्य एकाच शब्दाचे होते: 'नाही.' मुलांची संख्या आणि वाचायचे तास यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी तेव्हाच आकडे मांडून दाखवले होते. कॉलेजातल्या लेखनशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारसही कित्येक वर्षांपासून आहे: लेखनाच्या वर्गात २० पेक्षा जास्त मुले नकोत, शक्यतो १५ असावीत, आणि एका शिक्षकाकडे सत्रात ६० हून अधिक मुले देऊ नयेत. उपाय ठाऊक आहे, आकड्यांसकट लिहून ठेवलेला आहे. तो अमलात आणायला पैसे लागतात म्हणून तो दर पिढीत बाजूला पडतो आणि त्याच्या जागी आधी गुणांचे तक्ते आले, मग बहुपर्यायी चाचण्या आल्या, आता शोधक आले आहेत. यंत्राला परवानगी द्यायची की बंदी घालायची यावर समित्या तासन्‌तास बसतात. त्यांनी एकदा १२५चे ६० कसे करता येतील यावर बसावे. पैसा नाही हे खरे असेल, तर त्यांनी उघड सांगावे की मुलांचे लेखन वाचणे आम्हाला परवडत नाही. मग मुलांनीही ते यंत्राकडून लिहून घेतले तर त्यांना कोणत्या तोंडाने बोलणार? जे कुणी मनापासून वाचणार नाही, ते मनापासून लिहायचे कशासाठी?

आणखी एक आक्षेप मला मनापासून आदराने ऐकावासा वाटतो. तो असा की हा कोर्स मुळात चाळणी आहे. घरात 'चांगली' इंग्रजी ऐकत वाढलेली मुले त्यातून सहज जातात, बाकीची अडकतात; यंत्राने ती चाळणी मोडली तर बरेच झाले. यात बरेच तथ्य आहे. लेखनशिक्षकांच्या याच संघटनेने १९७४ मध्ये ठराव करून विद्यार्थ्यांना आपल्या बोलीवर हक्क आहे असे जाहीर केले, ते या अन्यायाची जाणीव झाल्यामुळेच. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९७० मध्ये सर्वांना प्रवेश खुला केला तेव्हा जी मुले आली, त्यांचे इंग्रजी पाहून अनेकांनी हात टेकले. तिथल्या शिक्षिका मिना शॉनेसी यांनी हात टेकले नाहीत. या मुलांनी प्रवेशाच्या वेळी लिहिलेले सुमारे चार हजार निबंध त्या वाचत बसल्या आणि १९७७ मध्ये त्यांनी दाखवून दिले की या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत, त्यांच्यामागे प्रत्येकाचे स्वतःचे तर्कशास्त्र आहे, आणि ते समजून घेतले तर शिकवता येते. चाळणी मोडायची ही रीत आहे. यंत्र सगळ्यांना एकसारखी गुळगुळीत इंग्रजी देते, तेव्हा परक्या मुलाची अडचण झाकली जाते आणि त्याच्याबरोबर त्याचे म्हणणेही झाकले जाते.

पुढे मोठे कृष्णवर्णीय विचारवंत झालेले डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हार्वर्डला विद्यार्थी होते तेव्हा अलाबामाच्या एका सिनेटरने एका मोठ्या मासिकात कृष्णवर्णीयांवर विखारी लेख लिहिला होता. डु बॉइस यांनी आपल्या पहिल्या निबंधात त्याच्यावर सगळा राग काढला. निबंधावर ई शेरा आला, म्हणजे नापास. आयुष्यात पहिल्यांदाच. त्या शिक्षकांना आपल्या लोकांचे दुःख कळत नसेल, पण इंग्रजीबद्दल ते खोटे बोलत नाहीत, असे त्यांनी स्वतःशी कबूल केले आणि सत्राच्या अखेरीस ई चा सी केला. पुढे १८९० मध्ये सक्ती नसताना त्यांनी तिथलेच प्राध्यापक बॅरेट वेंडेल यांचा लेखनाचा कोर्स घेतला. त्यासाठी लिहिलेल्या एका निबंधाच्या शेवटी त्यांनी म्हटले होते की माझा हा कदाचित वेडा, पण प्रामाणिक विश्वास आहे की मला जगाला काही सांगायचे आहे, आणि ते नीट सांगता यावे म्हणून मी इथे आलो आहे. वेंडेल यांच्या टेबलावर तेव्हा पन्नास निबंध होते. त्यांनी हा बाजूला काढला आणि वर्गाला वाचून दाखवला.